टेबलावर आमचा माणूस, टेबलाशी कोण?

कोरोना संपला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी उठवली, सरकारने टाळ्या-थाळ्यांची बिले केव्हाच फाडून टाकली आणि समाजही विसरला. मृतांचे आकडे छापून झाले, लसींचे आकडे छापून झाले. पण एक हिशेब आजतागायत कुणी मांडलेला नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत सर्जन होण्यासाठी जी मुले-मुली सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत एम.एस. करीत होती, त्यांच्या हातात सुरी किती वेळा आली? आणि जेव्हा आली नाही, तेव्हा त्याची किंमत कुणी मोजली?

हा डॉक्टर लोकांचा घरगुती प्रश्न आहे, चळवळीच्या दैनिकाला त्याचे काय, असे कुणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. सरकारी रुग्णालयाच्या ऑपरेशन टेबलावर जो झोपतो तो आमचा माणूस आहे. सफाई कामगार, हमाल, बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणारी बाई, झोपडपट्टीतला बेकार पोरगा यांना दुसरे रुग्णालय नाही. आणि त्याच टेबलाशी सुरी हातात घेऊन उभा राहण्याचा हक्क बाबासाहेबांच्या राज्यघटनेने आमच्या मुलांना मिळवून दिला आहे. टेबलावर कोण आणि टेबलाशी कोण, हे दोन्ही प्रश्न आमचेच आहेत.

सर्जन पुस्तकातून होत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर वॉर्ड सांभाळतो, रक्त काढतो, ड्रेसिंग करतो, ऑपरेशनच्या वेळी जखमेच्या कडा धरून उभा राहतो. मग शेवटचे टाके घालायला मिळतात. दुसऱ्या वर्षी हायड्रोसिल, हार्निया, अपेंडिक्स हातात येते. तिसऱ्या वर्षी वरिष्ठाच्या देखरेखीखाली पित्ताशय, आतड्याची शस्त्रक्रिया. हात असा पायरीपायरीने बसतो. पन्नास हार्निया पाहिलेला आणि पन्नास हार्निया केलेला, या दोघांच्या पदवीच्या कागदावर फरक दिसत नाही. पेशंटच्या पोटात मात्र दिसतो.

आता मार्च २०२० आठवा. २० मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. चार दिवसांत देशाला कुलूप लागले. एप्रिलमध्ये मुंबईचे नायर रुग्णालय पूर्णपणे कोविड रुग्णालय झाले. पुण्याच्या ससूनची नवी अकरा मजली इमारत कोविडसाठी उघडली. सर्जरीचा, अस्थिरोगाचा, डोळ्यांचा निवासी डॉक्टर पीपीई किट घालून कोविड वॉर्डात उभा राहिला. ऑक्सिजन मोजणे, व्हेंटिलेटर लावणे, नातेवाइकांना मरणाची बातमी देणे हे त्याचे काम झाले. हे काम त्याने केले, जीव धोक्यात घालून केले, आणि त्याबद्दल आम्ही त्याला जय भीम करतो. पण ज्या कामासाठी तो तीन वर्षे घर सोडून आला होता, ते काम थांबले, हेही तितकेच खरे.

ही थांबलेली शस्त्रक्रिया किती होती? 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये मे २०२० मध्ये एक आंतरराष्ट्रीय अंदाज आला. साथीच्या ऐन भरातल्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असे त्यात म्हटले होते. भारताचा वाटा त्यात साडेपाच लाखांहून अधिक होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत वापरल्या जाणाऱ्या वायूतून विषाणू पसरेल, या भीतीने त्याही सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी थांबवल्या गेल्या. म्हणजे जी विद्या आज प्रत्येक सर्जनला यायलाच हवी, तिचाच सराव तुटला.

रद्द झालेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेमागे एक माणूस होता. ज्याच्याकडे पैसा होता त्याने खासगी रुग्णालयात आरटीपीसीआर चाचणीचे, पीपीई किटचे वेगळे बिल भरून आपले काम उरकून घेतले. ज्याच्याकडे पैसा नव्हता तो हार्नियावर पट्टा बांधून ओझी उचलत राहिला. ज्या बाईच्या स्तनात गाठ होती तिची गाठ वाट पाहत थांबली नाही. तिच्या घरी आजार आला, नोकरी गेली आणि गावाकडे चालत जाण्याची पाळी आली, हे सगळे एकाच वर्षात झाले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे. हा हक्क साथ आली म्हणून रजेवर जात नाही. लांबलेल्या शस्त्रक्रियांची यादी करून ती कधी संपवणार याचा जाहीर कार्यक्रम प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने लावायला हवा होता. असा कार्यक्रम भिंतीवर लागलेला आम्ही पाहिला नाही.

याच काळाची दुसरीही बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला गाठले. नागपूर, पुणे, औरंगाबाद, मुंबई, जिथे तिथे नाक-कान-घसा, नेत्र आणि मुखशल्य विभागांची ऑपरेशन थिएटरे रात्रंदिवस चालली. सायनस खरवडणे, सडलेला जबडा काढणे, काही वेळा जीव वाचवण्यासाठी डोळाच काढून टाकणे. या विभागांतल्या निवासी डॉक्टरांनी काही आठवड्यांत जे केले ते त्यांच्या शिक्षकांनी अख्ख्या कारकिर्दीत केले नसेल. अँफोटेरिसिन मिळत नव्हते, तेव्हा सुरी हेच औषध होते. म्हणजे साथीने सर्वांचे शिक्षण सारखे बुडवले नाही. एकाच्या हातावर कामाचा डोंगर आला, दुसऱ्याचा हात रिकामा राहिला. व्यवस्थेने हे ओळखून ज्याचे राहिले त्याचे भरून काढायला हवे होते. तिने सर्वांना एकाच परीक्षेला बसवले आणि मोकळी झाली. जून २०२१ मध्ये काही पदव्युत्तर डॉक्टर अंतिम परीक्षा माफ करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नकार दिला. आमच्या मते तो नकार योग्यच होता, कारण परीक्षेशिवाय सर्जन हा गरिबाच्याच वाट्याला आला असता. पण परीक्षा घेतली म्हणजे शिकवले असे होत नाही.

ऑनलाइन वर्गांचा मोठा गाजावाजा झाला. व्याख्याने मोबाइलवर आली, दिल्ली-चेन्नईचे नामवंत सर्जन लातूर-अकोल्याच्या मुलांना ऐकायला मिळाले, हे चांगले झाले. ते पुढेही चालू राहावे. पण पडद्यावर गाठ मारलेली पाहून बोटांना गाठ मारता येत नाही.

आता आरक्षणाच्या मुद्द्याकडे येऊ, कारण या काळात आमच्यावर एक खोटा आळ घेतला गेला आणि तो अजून पुसला गेलेला नाही. २०२१ ची नीट-पीजी परीक्षा १८ एप्रिलला होती. ती तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली. ३ मे रोजी पंतप्रधान कार्यालयाने ती किमान चार महिने होणार नाही असे जाहीर केले आणि नवी तुकडी येईपर्यंत अंतिम वर्षाच्या निवासी डॉक्टरांची सेवा चालू ठेवण्याची मुभा दिली. परीक्षा ११ सप्टेंबरला झाली. समुपदेशन सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडले. एम.एस.च्या तीन तुकड्यांवर रुग्णालय चालते. त्यातली एक तुकडी आलीच नाही. परिणाम असा झाला की, दुसऱ्या वर्षाचा मुलगा ऑपरेशन शिकण्याऐवजी पहिल्या वर्षाचीच कामे करीत राहिला: रक्त काढा, फाइल भरा, रिपोर्ट आणा. साथीने बुडालेले शिक्षण प्रशासनाच्या दिरंगाईने आणखी बुडाले. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीचे निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, पोलिसांनी त्यांना फरफटत नेले.

तेव्हा काही वाहिन्यांनी आणि काही सवर्ण विद्वानांनी काय सांगितले? 'आरक्षणामुळे डॉक्टर अडले.' वकिली करणाऱ्याने कागद वाचावा, म्हणून आम्ही कागदच पुढे ठेवतो. अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा देणारी सूचना २९ जुलै २०२१ ची. तिला आव्हान देणारे याचिकाकर्ते आरक्षणाच्या बाजूचे नव्हते, विरोधातले होते. न्यायालयाने सरकारला विचारले, आर्थिक दुर्बल घटकासाठी आठ लाखांची मर्यादा कशावरून ठरवली? सरकारजवळ उत्तर नव्हते. २५ नोव्हेंबरला सरकारने फेरविचारासाठी चार आठवडे मागून घेतले. म्हणजे समुपदेशन अडले ते आठ लाखांच्या निकषावरून, वर्षाला आठ लाखांपर्यंत कमावणाऱ्या सवर्णाला गरीब म्हणावे की नाही या घोळामुळे. अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणाचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तरी आळ मात्र आरक्षणावर, आणि आरक्षण म्हटले की बोट आमच्याकडे!

ज्या अखिल भारतीय कोट्याची ही गोष्ट, तो १९८६ पासून चालत आला आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळायला २००७ उजाडले. ओबीसींना त्यासाठी २०२१ पर्यंत थांबावे लागले, तेही तामिळनाडूतील पक्षांनी मद्रास उच्च न्यायालयात लढा दिल्यावर. एवढी वर्षे कुणाच्या हक्काच्या जागा कुणी घेतल्या, हे कोणती वाहिनी विचारणार?

नील ऑरेलियो नुनेस खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपन्ना यांच्या पीठाने ७ जानेवारी २०२२ ला समुपदेशनाला परवानगी दिली आणि २० जानेवारीला सविस्तर कारणे दिली. स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे, काही वर्गांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला सामाजिक-आर्थिक लाभ त्या गुणांत दिसत नाही, आरक्षण गुणवत्तेच्या विरोधात नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. बाबासाहेबांच्या अनुयायांना हे नवीन नाही. पण मेरिटच्या नावाने गळा काढणाऱ्यांना आम्ही आणखी एक आठवण करून देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी केंद्र सरकारने नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. खुल्या प्रवर्गालाही शून्य! खासगी महाविद्यालयांच्या लाखो रुपये फीच्या जागा रिकाम्या राहू नयेत, म्हणून मेरिट एका रात्रीत गुंडाळून ठेवले गेले. तेव्हा रस्त्यावर झाडू मारून, बूट पॉलिश करून निषेध करणारे मेरिटवाले कुठे गेले होते?

प्रवेश मिळाला म्हणजे लढाई संपली असे आपल्या समाजाला वाटते. तो गैरसमज आहे. या लेखाचा गाभा इथे आहे. प्रवेशाला बिंदुनामावली आहे, ऑपरेशन टेबलाला नाही. आज कोणता निवासी डॉक्टर कोणत्या शस्त्रक्रियेला हात लावणार, हे वरिष्ठाच्या मर्जीवर ठरते. टेबले भरपूर असतात तेव्हा मर्जीतल्याला पहिले ताट आणि बाकीच्यांना दुसरे, पण जेवण सगळ्यांना मिळते. साथीने टेबले कमी केली. आणि जिथे वाटायला थोडे असते, तिथे वाटणाऱ्याची मर्जी कायदा बनते. ज्याचा बाप डॉक्टर, ज्याची आत्या प्राध्यापक, जो वरिष्ठांच्या बोलीत बोलतो, त्याला बोलावणे येते. ज्याचे आडनाव ऐकून कपाळाला आठी पडते, त्याला सांगितले जाते, 'तू वॉर्ड बघ.' या अन्यायाची कुठे नोंद होत नाही, पंचनामा होत नाही, आणि तीन वर्षांनी तोच वरिष्ठ म्हणतो, 'बघा, कोट्यातल्यांचा हात बसलेला नसतो.'

डॉ. पायल तडवीचे नाव घेतल्याशिवाय हे लिहिता येणार नाही. आदिवासी तडवी समाजातली, जळगावची ही मुलगी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिचे आयुष्य संपले. जातीवरून छळ झाला, शिकण्याच्या संधी नाकारल्या गेल्या, अशी तिच्या कुटुंबीयांची तक्रार होती. खटल्याचा निकाल देणे न्यायालयाचे काम आहे, आम्ही त्यावर बोलत नाही. पण ती घटना साथ येण्याच्या दहा महिने आधीची आहे. म्हणजे टेबलाशी कोण उभे राहणार हा प्रश्न साथीने जन्माला घातला नाही. साथीने तो फक्त अधिक तीव्र केला.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांच्या बाबतीत निर्णायक आहे. सुपरस्पेशालिटीच्या पातळीवर आरक्षण असू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात घेतली. मेंदूचा सर्जन, हृदयाचा सर्जन होण्याच्या दाराशी आमच्या मुलाला संरक्षण नाही. त्याच्यासाठी एम.एस.ची तीन वर्षे हीच शेवटची शिडी आहे. त्या तीन वर्षांत हात बसला तर बसला.

म्हणून आमची मागणी आहे: ऑपरेशन टेबलाचीही बिंदुनामावली करा. जातीची नव्हे, पाळीची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या डिसेंबर २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत ई-लॉगबुक दर आठवड्याला भरण्याची आणि मार्गदर्शकाने ते तपासण्याची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे, पण ती वैयक्तिक वही राहता कामा नये. प्रत्येक युनिटमध्ये कोणत्या निवासी डॉक्टरने कोणत्या महिन्यात किती शस्त्रक्रिया पाहिल्या, किती केल्या, याचा एकत्रित तक्ता विभागात लागला पाहिजे. पदवीपूर्वी स्वतःच्या हाताने, देखरेखीखाली केलेल्या शस्त्रक्रियांची किमान संख्या ठरली पाहिजे. तक्त्यात एकाच्या नावापुढे साठ आणि दुसऱ्याच्या नावापुढे सहा दिसले, की विभागप्रमुखाने लेखी कारण द्यावे. उजेड पडला की मर्जीची मस्ती उतरते.

दुसरा मुद्दा तासांचा. साथीत निवासी डॉक्टरांनी सलग चोवीस-छत्तीस तास काम केले, आणि साथ गेल्यावरही ती सवय व्यवस्थेने सोडली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ज्या तरुण डॉक्टर भगिनीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तीही प्रदीर्घ ड्युटीनंतर सेमिनार रूममध्ये विसावली होती, कारण झोपायला दुसरी जागा नव्हती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ सालीच निर्देश दिले आहेत: निवासी डॉक्टरांना सामान्यतः आठवड्याला ४८ तास, सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको. २०२३ च्या नियमावलीत मात्र तास किती ते लिहिलेच नाही, 'वाजवी तास' एवढेच म्हटले. २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती दलाने आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. ४८ चे ७४ झाले आणि तीही केवळ शिफारस! हा ४८ चा आकडा आपल्या वाचकांना ओळखीचा वाटला पाहिजे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनीच कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. गिरणी कामगाराला १९४६ मध्ये जे मिळाले ते सर्जन होणाऱ्या मुलाला आज मिळत नाही. झोपेने डोळे मिटणारा सर्जन ज्याच्या पोटावर सुरी चालवतो, तो पुन्हा आमचाच माणूस.

तिसरा मुद्दा जिल्हा रुग्णालयांचा. सप्टेंबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले. कल्पना उत्तम आहे. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या माणसाला सर्जन मिळेल आणि मुलाला हार्निया-अपेंडिक्सचा सराव मिळेल. पण तिथे भूलतज्ज्ञ नसेल, शिकवणारा वरिष्ठ नसेल, राहायला खोली नसेल, तर ते शिक्षण होत नाही, फुकटची वेठबिगारी होते. जानेवारी २०२३ मध्ये मार्डने राज्यात संप केला तेव्हा वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १४३२ पदे, प्राध्यापकांच्या रिक्त जागा आणि वसतिगृहांची दुरवस्था हेच प्रश्न मांडले होते. शिकवणारा नाही तिथे शिकणारा काय करील?

वैद्यकी आपल्या परंपरेला परकी नाही. आजारी पडलेल्या, कुणी विचारीत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने धुतले. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. गणिकेच्या पोटी जन्मलेले, उकिरड्यावर टाकलेले ते मूल. तक्षशिलेत सात वर्षे शिकले आणि राजगृहाच्या श्रेष्ठीचे मस्तक उघडून त्याला वाचवणारा शल्यवैद्य झाले. त्याच्या जन्माचा दाखला त्याच्या हाताच्या आड आला नाही, आणि शिकायला त्याला पुरी सात वर्षे मिळाली. ज्या प्लेगच्या साथीत १८९७ चा साथरोग कायदा जन्माला आला, जो २०२० मध्ये पुन्हा लावला गेला, त्याच साथीत सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत चालल्या आणि त्याच रोगाने गेल्या. आमच्याकडे वैद्यकी ही अशी आहे.

चळवळीने काय करावे? १४ एप्रिल २०२० ला आपण जयंती घरात साजरी केली, त्या वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी केली नाही. देशाला शिस्त शिकवली. आता तीच शिस्त हिशेब मागण्यात दाखवू या. आपल्या वकिलांनी माहितीच्या अधिकारात प्रत्येक सरकारी महाविद्यालयाला विचारावे: २०१९ ते २०२२ या काळात दरवर्षी किती नियोजित शस्त्रक्रिया झाल्या, निवासी डॉक्टरांनी किती केल्या, लॉगबुक कोण तपासतो, समान संधी कक्ष कागदावर आहे की खोलीत. आपल्या डॉक्टरांच्या संघटनांनी त्या काळात शिकलेल्या मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी सराव वर्ग घ्यावेत. ज्येष्ठ बौद्ध सर्जनांनी एकेका कनिष्ठाचा हात धरावा. आपल्या आमदारांनी अधिवेशनात फक्त शिष्यवृत्तीचा प्रश्न न विचारता टेबलाचाही विचारावा. आणि निवासी डॉक्टर मुला-मुलींनो, 'वॉर्ड बघ' असे तिसऱ्यांदा सांगितले गेले, तर ती तारीख वहीत लिहा. एकटे सोसू नका. पायलनंतर आता एकही नाव आम्हाला या यादीत नको आहे.

साथ पुन्हा येईल. तेव्हा टेबलावर पुन्हा गरीबच असेल. त्याच्या उशाशी हात बसलेला, झोप झालेला, आपल्यातून आलेला सर्जन उभा असावा, याची तयारी आजच करावी लागेल.